दर चवथीला रंग, दर दिवाळीला पोपडे: चिऱ्याच्या घराचं करायचं काय?

सुरंगी

डिचोली तालुक्यात आमचं (म्हणजे सासरचं) घर आहे. चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), मातीत बांधलेलं, आजेसासऱ्यांच्या काळातलं. मूळचा गिलावा चुन्याचा होता. २००४ मध्ये तो फार जुना झाला म्हणून खरवडला आणि बाहेरून सगळीकडे सिमेंटचा केला. मी तेव्हा नवी सून, मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी "करा" असंच म्हटलं असतं.

तेव्हापासून जोत्याच्या वर रंग फुगतो. आधी वीतभर फुगायचा, आता कमरेपर्यंत आलाय. बोट लावलं की पापडासारखा तुटतो आणि मागून पांढरी, पिठासारखी भुकटी गळते. आतापर्यंत तीनदा रंग काढून झाला. परवा एक कंत्राटदार येऊन बघून गेला. तो म्हणाला, पुट्टी मारू, त्यावर वॉटरप्रूफ कोट, त्यावर रबरासारखा ताणला जाणारा रंग, सात वर्षं बघायला नको. आकडा ऐकून मी चहा करायला आत गेले.

सासूबाईंचं म्हणणं, काय ते चवथीच्या आधी करा. आज आषाढातला पाऊस कोसळतोय. जाणकारांनी सांगा, हे करावं का? आणि रंग कुठला द्यावा? नवऱ्याला पांढरा हवा, मुलीला जांभळा.

सदाशिवपेठी

तीनदा रंग काढून झाला म्हणताय, मग आता भिंतीवर उरलंय काय? काढायचा थांबवा, लावा आता.

सुरंगी

@सदाशिवपेठी, अहो आमच्याकडे रंग काढणे म्हणजेच रंग लावणे. चुनाही काढतात. तुमच्याकडे काय करतात?

सदाशिवपेठी

आमच्याकडे सोसायटीच्या सभेत पाच वर्षं चर्चा करतात.

मांडवीकाठ

सुरंगीताई, पहिलं म्हणजे चवथीच्या आधी बाहेरचा रंग अजिबात नको. आतलं माटोळीखालचं (गणपतीवर फळं-पानं टांगतात तिथलं) घर चकाचक करा, सासूबाई खूश. बाहेरची भिंत आत्ता पाणी पिऊन बसलीये. तिच्यावर रबरी रंग म्हणजे न्हालेल्या पोराला तसंच ओलं रेनकोटात घालण्यासारखं. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. भिंत सुकायला निदान जानेवारी उजाडतो.

गवंड्याचा_नातू

कंत्राटदाराला थांबवा. आणि मला दोन गोष्टी सांगा. फुगलेली भिंत कुठल्या दिशेची? आणि घराची वळचण केवढी आहे?

सुरंगी

पूर्वेची. समोरची, अंगणाकडची. कौलं आहेत, वळचण चांगली अडीच फूट बाहेर आहे. गंमत म्हणजे मागची पश्चिमेची भिंत, जिच्यावर सगळी झड येते, ती त्या मानाने बरी आहे. शेवाळाने हिरवी होते, पण फुगत नाही.

गवंड्याचा_नातू

मग ही भुकटी पावसाच्या झडीची नाही. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो. झडीचं दुखणं असतं तर मागची भिंत आधी गेली असती. तुमचं पाणी खालून चढतंय.

माझा आजा सत्तरी तालुक्यात मेस्त (गवंडी) होता. दुखऱ्या भिंतीपाशी गेला की आधी बोटाने भुकटी उचलून जिभेला लावायचा. खारट लागली की थुंकून म्हणायचा, "रंग उपरांत, पयलीं उदक खंयच्यान येता तें पळय." (रंग नंतर, आधी पाणी कुठून येतं ते बघ.) ही चव घ्यायची पद्धत मी कुणाला सुचवणार नाही, जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्यापेक्षा प्लास्टिकचा हातभर चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली. पावसाळ्यात हा खेळ फसवा असतो. डिसेंबरात करा.

ऋण_अधिक

भुकटीबद्दल थोडं. जमिनीतलं पाणी चिऱ्याच्या भोकांतून वर चढतं आणि सोबत विरघळलेले क्षार आणतं. पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक वाढताना जागा मागतात आणि रंगाला, गिलाव्याला आतून ढकलतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यातून वाफ बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा घट्ट, त्यावर ॲक्रिलिकचे तीन थर आणखी घट्ट. पाण्याला बाहेर वाट नाही, मग ते वाट मिळेपर्यंत आणखी वर चढतं. वीतभराचं कमरेपर्यंत झालं ते असं.

आणि कृपा करून तो खार पाण्याने धुऊ नका. धुतलेलं मीठ विरघळून परत आत जातं. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद ठेवा, गोळा करून लांब टाका.

नीरफणस

सगळं सिमेंटवर ढकलायची फॅशन झालीये. आमचं पर्वरीचं घर १९९२ चं, चिऱ्याचंच, पण सिमेंटच्या मसाल्यात बांधलेलं, खाली काँक्रीटचा पट्टा, त्यात ओल रोखायचा थर. बाहेरून एकास चार सिमेंटचा गिलावा, दोन हातांत. ३० वर्षं झाली, एक पोपडा नाही. दर पाच-सहा वर्षांनी शेवाळ घासून साधा बाहेरचा रंग देतो. चुना वगैरे काव्य ज्यांना परवडतं त्यांनी करावं.

ऋण_अधिक

@नीरफणस, तुमचंही बरोबरच आहे. तुमच्या घरात पाणी खालून चढतच नाही. सुरंगींचं घर मातीत बांधलंय, जोत्यात ओल रोखणारं काही नाही. मऊ भिंतीवर कडक कवच चढलं की दोघांचं जमत नाही. उन्हा-पावसाने भिंत हलते, कवच हलत नाही, मग सुटतं. ताई, लाकडी दांड्याने भिंतीवर ठोकून बघा. जिथे बद्द आवाज येतो तिथे गिलावा नुसता रंगाच्या आधाराने उभा आहे.

सुरंगी

ठोकलं. कमरेपासून खाली जवळजवळ सगळीकडे बद्द. एका जागी ठोकता ठोकता ताटाएवढा तुकडा खाली आला. सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. हे जास्त वाईट.

फोंड्याची_अबोली

मला वाटतं तो गिलावा पूर्ण काढून चिरे उघडेच ठेवावेत! किती सुंदर दिसतात. हल्ली सगळ्या रिसॉर्टांत, कॅफेत तसंच असतं. वर पारदर्शक पॉलिश मारायचं.

मांडवीकाठ

अबोली, नको गं. जुन्या गोव्यात जाऊन बघ. बासिलिका ऑफ बॉम जेझुसचं काम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये ती प्रतिष्ठापित झाली, आणि साडेतीनशे वर्षं तिच्या अंगावर गिलावा होता. १९५० च्या दशकात कुणाच्या तरी डोक्यात आलं की दगड उघडा असला की जुनेपण दिसतं. गिलावा काढला. आज लोक ती लाल भिंत बघून तेच मूळ रूप समजतात आणि फोटो काढतात. चिरा पावसात झिजतोय, कोरीव कडा बोथट झाल्यात, आणि पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद चालू आहेत. रस्ता ओलांडून समोरचं से कॅथेड्रल बघ. पांढरं, गिलाव्यातलं. पाऊस दोघांवर तोच पडतो.

फोंड्याची_अबोली

बापरे. मी पण तेच मूळ रूप समजत होते.

खाजनशेत

चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, उघड्यावर आल्यावर कडक होतो. म्हणून लोकांना वाटतं त्याला काही होत नाही. पण त्याच्या भोकांत मऊ माती असते, ती धुऊन जाते. जुने लोक पावसाळ्याआधी झडीच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधायचे ते उगाच नाही. पारदर्शक पॉलिश तर नकोच. आमच्या शेजाऱ्याने मारलं, दोन पावसांत ते दुधाळ होऊन सालपटं निघाली. आता ना चिरा दिसतो ना पॉलिश.

सदाशिवपेठी

रिसॉर्टमधला चिरा दर वर्षी बिलात धरलेला असतो. आपल्या घराचा आपल्याच खिशात.

गवंड्याचा_नातू

विषयावर येतो. सुरंगीताई, आणखी एक विचारायचं राहिलं. वीतभराचं कमरेपर्यंत कधी झालं? त्या सुमाराला अंगणात काही बदललं का? नळ, टाकी, न्हाणीचं पाणी, काहीही.

सुरंगी

काही बदललं नाही. अंगणात फक्त २०१७ ला पेव्हर घातले, दिराच्या लग्नाच्या वेळी. त्याआधी सारवलेलं होतं.

गवंड्याचा_नातू

"फक्त"!

पेव्हर भिंतीला टेकवलेत का? आणि उतार कुठे आहे? बादलीभर पाणी ओता आणि बघा.

सुरंगी

ओतलं. पाणी शांतपणे भिंतीकडे चालत गेलं आणि तिथेच थांबलं. पेव्हर थेट भिंतीला लावून वर सिमेंटची पट्टी मारलीये. शिवाय खाली भर टाकल्यामुळे अंगणच वर आलंय. पूर्वी जोत्याच्या तीन पायऱ्या दिसायच्या, आता दोनच आहेत. सात वर्षं मी त्या पायऱ्या रोज चढतेय.

नीरफणस

झालं. कौलांच्या पागोळ्या पेव्हरवर आपटून भिंतीवर उडणार, खालचं पाणी भिंतीत मुरणार, आणि सारवलेल्या अंगणातून जी ओल उडून जायची तीही आता भिंतीतूनच वर येणार. हे मात्र मान्य, इथे सिमेंटची चूक एकट्याची नाही.

चुनाभट्टी

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालोय, या धाग्यासाठीच. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. क्रम असा ठेवा.

पाऊस संपला की भिंतीलगतचे दोन फूट पेव्हर उचला. तिथे उतार बाहेरच्या बाजूला देऊन खडी भरा. जोतं पूर्वीएवढं उघडं करा. कौलांना पन्हळ लावता आली तर लावा, त्याचं पाणी पाइपने लांब सोडा. मग कमरेच्या वर आणखी फूटभर, जिथपर्यंत बद्द आवाज येतो तिथपर्यंत, सिमेंट छिन्नीने काढा. हातोडा हळू, चिरा फुटतो. ब्रेकर मशीन लावणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवा. सांध्यांतली माती भुसभुशीत झाली असेल तर बोटभर खोल कोरून चुन्याच्या मसाल्याने भरा.

आणि मग काहीही करू नका. भिंत तशीच उघडी, थंडीभर. हे सगळ्यांत अवघड काम, कारण गावातला प्रत्येक माणूस विचारून जातो. या काळात खार येत राहील, कोरड्या ब्रशने झाडत राहा.

फेब्रुवारीत गिलावा. एक भाग विरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. पुळणीची वाळू चुकूनही नको, मीठ विकत घेतल्यासारखं होईल. भिंत आधी भिजवायची, पातळ हात द्यायचा, अर्ध्या इंचाहून जाड नाही. तो आवळला की दुसरा. वर गोणपाट ओलं करून टांगायचं, कडक ऊन लागू द्यायचं नाही. सिमेंटसारखा चुना दोन दिवसांत दगड होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. गवंड्याने "गती यावी म्हणून थोडं सिमेंट टाकतो" म्हटलं की समजा मुळात चुना त्याला येत नाही.

वळचणीचा_कावळा

कळीचा चुना घरी विरवणार असाल तर सांभाळून. आमच्या लहानपणी मागच्या परसात खड्डा असायचा. शिंपल्यांचा भाजलेला चुना त्यात टाकून वर पाणी ओतलं की क्षणभर काहीच व्हायचं नाही, आणि मग रटरट सुरू व्हायची, भाताच्या पातेल्यासारखी. वाफेला एक कोरडा, घशात बसणारा वास. आम्हा पोरांना दहा पावलं लांब उभं करायचे. मी मोठा झाल्यावर शहाणपणा करून प्लास्टिकच्या बादलीत विरवला. बादलीचा तळ तुळशीपाशी राहिला, चुना अंगणभर. डोळ्यांना चष्मा लावा, मस्करी नाही. हल्ली विरवलेला चुना तयारही मिळतो.

फोंड्याची_अबोली

आमच्या आजीकडे चुन्यात गूळ घालायचे म्हणे. आम्ही बोटं चाटायला बघायचो.

चुनाभट्टी

घालतात, गुळाचं पाणी. हिरडा, मेथीही घालतात. प्रत्येक मेस्ताचा आपला मसाला, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा चुकीचा वाटतो.

पिंपळपान

चुन्यावरच्या गप्पा निघाल्यात म्हणून, कावी कुणी पाहिलीये का? आपल्याकडच्या जुन्या देवळांत आहे. पांढऱ्या चुन्यावर हुरमुंजीचा लाल थर, आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा काढायचा. वेली, हत्ती, सगळं दोन रंगांत. हुरमुंजी हे नाव होर्मुझवरून आलं, तिकडून ती लाल माती गलबतांतून यायची. किती तरी देवळांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्यावर ऑइलपेंट मारलाय किंवा लाद्या चिकटवल्यात. बघवत नाही.

मांडवीकाठ

आमच्या गावच्या देवळात तेच झालं. गाभाऱ्याबाहेरची अख्खी भिंत. लाद्यांवर आता न्हाणीघरासारखी फुलं आहेत.

सुरंगी

कावी नको, मला साधी भिंत हवीय! रंगाचं कुणीतरी सांगा. पांढऱ्यावरून घरात वाद पेटलाय. आमच्या शेजारच्या काकांचं म्हणणं, पोर्तुगीज अमलात पांढरा फक्त चर्चला, बाकी घरांना रंग द्यायलाच लागायचा.

पिंपळपान

हे सगळे सांगतात. पणजीच्या फोंतायनसला, त्या जुन्या रंगीत घरांच्या वाड्यात जाणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला सांगतात. त्या हुकमाचा कागद मात्र मला आजवर कुणी दाखवला नाही, आणि आमच्याकडची देवळं पांढरीही असत. माझ्या मते जे रंग स्वस्तात मिळायचे आणि चुन्यात टिकायचे तेच दिले जायचे. गेरू, पिवळी, हुरमुंजी, नीळ.

चुनाभट्टी

टिकायचे हा शब्द महत्त्वाचा. चुना जहाल असतो, सगळे रंग त्यात जगत नाहीत. मातीचे आणि ऑक्साइडचे रंग जगतात, कपड्यांची नीळ जगते. मुलीच्या जांभळ्याचं अवघड आहे. हुरमुंजी आणि नीळ मिसळून काहीतरी निघेल, पण ती म्हणेल ते नाही.

चुन्याचा रंग दुधासारखा पातळ, ओल्या भिंतीवर, चार-पाच हात, रोज एक. ओला असताना काहीच दिसत नाही आणि माणूस घाबरून जाड फासतो. सुकला की उजळतो. एका भिंतीचा रंग एकाच वेळी कालवा, दुसऱ्या दिवशी तीच छटा पुन्हा जमत नाही. वरच्या ॲक्रिलिकच्या भागावर चुना धरणार नाही, तिथला रंग खरवडावा लागेल. नाहीतर खाली एक, वर एक, आणि मधे पट्टा.

नीरफणस

आणि ज्यांना चुना जमत नाही त्यांच्यासाठी: सिलिकेट रंग मिळतात, वाफ जाऊ देतात, महाग आहेत. सिमेंटचा नवा गिलावा असेल तर रंग द्यायला महिनाभर तरी थांबा. बारीक भेग दिसली की पुट्टी फासू नका, आधी दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. दोन महिन्यांत भेग खुणेच्या पुढे गेली तर गवंडी नको, इंजिनियर बोलवा. चिरा आणि काँक्रीटचा खांब जिथे भेटतात तिथे जाळी न लावता केलेला गिलावा फुटणारच, आमचाही एकदा फुटला होता. (आधी लिहिलं नव्हतं, पोपडा नाही म्हटलं होतं. भेग वेगळी.)

सदाशिवपेठी

@नीरफणस, तारीख लिहून ठेवतो.

सुरंगी

आठ महिन्यांनी धागा वर काढतेय.

चवथीला फक्त आतला रंग काढला. दसऱ्यानंतर दिराने स्वतः पेव्हर उचलले, त्याच्याच लग्नाचे. खालची माती नोव्हेंबरात चिखल होती. गिलावा काढायला दोन माणसं सहा दिवस लागली. आतून चिरे निघाले ते काळपट, हात लावला की गार. एका सांध्यात २००४ च्या आधीचा चुना शिल्लक होता, बोटाएवढा, त्यात शिंपल्याचा तुकडा जसाच्या तसा. तो मी देव्हाऱ्यापाशी ठेवलाय, का ते विचारू नका.

तीन महिने भिंत उघडी होती. "घर पाडता काय?" हे मी किती वेळा ऐकलं असेल. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले लोक मागच्या दाराने आत आले. पण चिरे काळ्याचे लाल होत गेले, वरून खाली. जानेवारीत खालचा एक थर सोडून सगळे कोरडे.

मेस्त शोधायला सगळ्यांत वेळ गेला. तीन जणांनी "चुना कोण करतो आता" म्हणून सांगितलं. चौथा सत्तरीच्या पुढचा, स्वतः थापी धरत नाही, खुर्चीवर बसून नातवाकडून करून घेतो. नातू त्याच्यावर वैतागतो, पण हात चांगला आहे. रंग पिवळीचा काढला. दोन जागी ढग आलेत, तिसऱ्या दिवशी कालवलेला कमी पडला म्हणून. चुनाभट्टी, तुम्ही सांगितलं होतं, चूक आमचीच. मुलीला खिडक्या दिल्या, त्या जांभळ्या आहेत.

पैसे कंत्राटदाराच्या आकड्यापेक्षा थोडे कमी लागले, डोकं जास्त लागलं. नळापाशी कोपऱ्यात हातभर ओल अजून आहे, तिथे पुन्हा खार आलाय. तो नळ हलवायचाय.

सासूबाईंनी संध्याकाळी ओसरीवर बसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी असंच होतं." मग म्हणाल्या, "ढग सोडून."

गवंड्याचा_नातू

नळ हलवेपर्यंत त्या कोपऱ्याला हात लावू नका. हा पावसाळा जाऊ दे. आणि मागची भिंत बरी आहे तर तिचं सिमेंट उत्साहात काढू नका, नुसतं शेवाळ घासा.

खाजनशेत

त्या खुर्चीवरच्या मेस्तांचा नंबर मिळेल का? आमच्याकडे वृंदावनाचा गिलावा सुटलाय.

सुरंगी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सकाळी फोन करा, दुपारी ते झोपतात.